साचेखात्यातले नाना

आळंदीत सगळेच महाराज असतात. नळावर भांडणारं दहा वर्षांचं पोरही समोरच्या दहा वर्षांच्या पोराला म्हणतं, "महाराज, बादली ठेवा खाली, नंबर माझाय." पखवाज शिकवणारे महाराज, पखवाजाच्या धुमेला लावायची कणीक मळून देणारा महाराज, आणि ती कणीक चोरून चुलीत भाजून खाणारा तर हमखास महाराज. आमच्या संस्थेत एकच माणूस महाराज नव्हता. ते नाना. कुणी चुकून म्हणालंच तर लगेच तोडायचे, "मी गिरनीचा मानूस हाय. मला नाना म्हन."

त्यांची ओळख हीच. संस्थेच्या पावतीपुस्तकावर त्यांचं नाव नव्हतं, सप्ताहाच्या पत्रिकेत कधी छापलं गेलं नाही. पण मी आज दोन ओळी धड लिहू शकतो, पोरांसमोर उभा राहून शिकवू शकलो, त्याचा हिशेब मांडायचा तर पहिलं नाव त्यांचं येतं. आईबापांचं सुद्धा त्यानंतर येतं. हे मी आईला एकदा बोलून दाखवलं होतं, तिला ते पटलंही होतं.

आम्ही बीड जिल्ह्यातले. आईवडील ऊसतोडीला जायचे. एक नवरा नि एक बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाने दिलेली उचल. दसरा झाला की गाड्या निघायच्या, त्या कारखान्याचा पट्टा पडल्यावर उन्हाळ्यातच परत. पोरांना सांभाळायला घरी म्हातारं माणूस असलं तर पोरं गावात राहायची, नसलं तर फडावर. आमची आजी गेली त्या वर्षी, 1984 ला, वडिलांपुढे प्रश्न पडला. गावातल्या एका माळकऱ्याने सुचवलं, आळंदीला ठेव. खायला मिळतं, शाळा होते, आणि देवाची चार अक्षरं कानावर पडतात. वडिलांना चौथं कारणही होतं, ते बोलले नाहीत. पोरगं कीर्तनकार झालं तर त्याच्या हातात कोयता येणार नाही.

आळंदी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये काढलेली वारकरी शिक्षण संस्था येते. ती मोठी, मानाची, चार वर्षांच्या अभ्यासाची. आमची तशी नव्हती. आळंदीच्या गल्ल्यांमधून, प्रदक्षिणेच्या वाटेवर, पुलापलीकडे अशा कितीतरी घरगुती संस्था आहेत. एक महाराज, एक पत्र्याची लांब खोली, भिंतीला ओळीने ट्रंका, दोरीवर वाळणारे सदरे, आणि चाळीसेक पोरं. पहाटे चारला काकडा, मग पाठांतर, मग नगरपरिषदेची किंवा आसपासची कुठलीतरी शाळा, संध्याकाळी गायन-वादन, हरिपाठ, जेवण. धान्य महाराजांच्या कीर्तनांतून यायचं. ते गावोगाव फिरून ज्वारीची पोती आणायचे आणि आम्ही ती संपवायचो. महाराजांविषयी पुढे मी जे सांगणार आहे ते सांगताना ही पोती विसरून चालणार नाही.

नाना मूळचे सातारा जिल्ह्यातले. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेले आणि लालबागच्या एका गिरणीत साचेखात्याला लागले. साचा म्हणजे माग, आणि मागावर उभा राहतो तो साचेवाला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत नाना. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे नाना म्हणायचे, "मी अजून संपावरच हाय." बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं, गावी भावाच्या संसारात जीव रमला नाही. कार्तिकीला आळंदीला आले ते परत गेलेच नाहीत. महाराजांनी त्यांना ठेवून घेतलं. पगार नाही. दोन वेळचं जेवण आणि पडवीत अंथरुणापुरती जागा. काम म्हणजे रात्री मुलांकडे बघायचं, पहाटे उठवायचं, पाठांतराला बसवायचं.

त्यांना ऐकू कमी यायचं. सगळ्या जन्माची नोकरी साचेखात्यात गेलेली. तिथे शेकडो माग एकदम चालतात आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ हलवून, हातवारे करून बोलावं लागतं. तीस वर्षांत कान गेले आणि डोळे मात्र दुसऱ्याच्या ओठांवर ठेवायची सवय लागली. आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारा बहिरा आहे, बरं झालं.

ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय सगळ्यांना आधी देतात. अठरा अध्यायांत तो तसा लहानच, 247 ओव्यांचा. मला तो डोंगर वाटला. माझं मूळ दुखणं असं की छापलेल्या ओळी माझ्या डोळ्यांपुढे नीट उभ्या राहायच्या नाहीत. एका ओळीवरून दुसरीवर उतरताना मी भलतीकडेच जायचो. आज त्याला शाळेत काही नाव असतं, तेव्हा त्याचं नाव 'मठ्ठ' होतं. त्यात ज्ञानेश्वरी पाठ करणाऱ्याला एक खोडा ज्ञानदेवांनीच घालून ठेवलाय. दृष्टान्तावर दृष्टान्त येतात, आणि ओवीमागून ओवी 'जैसें', 'कां', 'नातरी' अशाच शब्दांनी उघडते. एका 'कां'वरून पोरगं सरळ पुढच्या पानावरच्या 'कां'वर उडी मारतं आणि मधल्या वीस ओव्या गिळतं. त्याला कळतही नाही. महाराजांना मात्र कळायचं.

महाराजांचा नियम असा, की चूक झाली की पहिल्यापासून. एक शब्द अडला की परत पहिली ओवी. महाराज स्वतः असेच शिकले होते, मार खात, उपाशी उभे राहत, आणि अख्खी ज्ञानेश्वरी त्यांच्या जिभेवर होती, त्यामुळे रीत चुकीची आहे असं त्यांना वाटायचं कारणच नव्हतं. दर एकादशीला म्हणून दाखवायचं. ज्याची गाडी अडेल त्याला छडी, मग उठाबशा, आणि तोवर फराळ नाही. एकादशीच्या उपासाला वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, ती दुरून बघायची.

मी त्यावर तोड काढली होती. पहाटे सगळे एका सुरात पाठ म्हणायचे तेव्हा मी नुसते ओठ हलवायचो. चाळीस पोरांच्या गोंगाटात एकाचा आवाज नाही हे कुणाला कळणार? आणि नजर ठेवायला बसलेला माणूस बहिरा!

तिसऱ्या की चौथ्या दिवशी नाना माझ्यासमोर येऊन बसले. बोलले नाहीत, नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पाठ संपल्यावर मला पडवीत नेलं आणि म्हणाले, "आवाज मला आईकू येत न्हाई लेका, पर तू काय म्हनत न्हवतास ते दिसतंय. बाकीच्यांचं तोंड मिटतंय तवा तुझं उघडं हाय."

मी रडायच्या बेताला आलो होतो. त्यांनी रडू दिलं नाही, मागाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती मला तेव्हा अर्धीच कळली, पुरी कळायला बरीच वर्षं गेली. मागावर उभे धागे असतात आणि आडवा धागा धोट्यातून येतो. आडवा संपला की माग आपोआप थांबतो, ते सगळ्यांना कळतं. पण जुन्या साच्यावर उभ्यातली एखादी तार तुटली तर माग थांबत नाही. तो खडखड चालूच राहतो, कापडही येतच राहतं, फक्त त्यात एक बारीक रेघ पडत जाते. साचेवाल्याने ती बघितली नाही तर वार न् वार कापड वाया. "माग चालू हाय म्हंजे कापड चांगलं निगतंय आसं न्हाई," म्हणाले. "चाळीस पोरांचा आवाज येतुय म्हनून म्हाराज खूश. मी आवाज आईकत न्हाई, मी रेघ बघतो."

मग त्यांनी मला पाठ करायला शिकवलं. स्वतः त्यांना बारावा अध्याय पाठ नव्हता. हरिपाठ आणि काही अभंग सोडले तर त्यांचं पाठांतर फार नव्हतं, आणि वाचायला तर अक्षर लावत लावत जायचे. म्हणजे मला शिकवायची त्यांची पात्रता महाराजांच्या मोजमापात शून्य होती. पण तार तुटली तर सगळं कापड उसवून नव्याने विणत नाहीत, तुटली तिथे गाठ मारतात आणि पुढे जातात, एवढं त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, पहिल्यापासून म्हणू नकोस. अडलास तिथली ओवी आणि तिच्या मागची, एवढीच म्हण. मागच्या ओवीचा शेवटचा तुकडा आणि पुढच्या ओवीचा पहिला तुकडा, हे दोन एकत्र म्हण, बाकी सोड.

एवढ्याने माझं काम झालं. ओवी आतून घट्ट असते, पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा अर्धा, आखूड. ती मधे सहसा निसटत नाही. निसटतो तो एका ओवीचा आखूड शेवट आणि दुसरीची सुरुवात यांच्यामधला सांधा. मी सांधेच पाठ करत सुटलो. आणि आणखी एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली, की संस्थेतल्या सगळ्याच पोरांचा अध्यायाचा पहिला भाग खणखणीत होता आणि शेवट कच्चा. असणारच. प्रत्येक चुकीला पहिल्यापासून म्हणायला लावलं की पहिल्या तीस ओव्या शंभरदा म्हटल्या जातात आणि शेवटच्या तीस एकदाही नाही. महाराजांसारखा विद्वान माणूस वर्षानुवर्षं हे पाहत होता आणि त्याला ते दिसलं नाही. मी पुढे मास्तर झालो तेव्हा पाढे शिकवताना हेच पाहिलं. बे एके बे सगळ्यांना येतं, सतराचा पाढा एकशे एकोणीसपाशी अडतो.

डोळ्यांचं माझं दुखणं त्यांनी कानावर टाकलं. एक मोठा मुलगा, त्याचं पाठांतर चोख, त्याला म्हणायला बसवायचे आणि मला ऐकायला. पुस्तक बंद. प्रदक्षिणेच्या वाटेने चालत चालत, हाताने मांडीवर ठेका धरत. पोथी उघडून बसल्यावर जे चढत नव्हतं ते चालताना चढायला लागलं.

नानांकडे एक वही होती. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची, सुतळीने शिवलेली. त्यात पोरांची नावं आणि पुढे खुणा. पाठांतराचा त्यात हिशेब नव्हता, तो महाराजांकडे असायचा. नानांच्या खुणा वेगळ्याच. कुणी भाकरी टाकली, कुणी रात्री उठून बसला, कुणाचं अंथरूण ओलं झालं, कुणाला घरून पत्र आलं. पत्राला टिंब, जेवला नाही तर फुली, बाकीच्या मला आता आठवत नाहीत. या खुणा घेऊन त्यांनी एकदा महाराजांशी वाद घातला, तो मी पडवीतून ऐकला. बहिऱ्या माणसाशी वाद घालायचा तर ओरडूनच घालावा लागतो, त्यामुळे सगळ्या संस्थेनेच ऐकला.

महाराज म्हणत होते, ही सहा पोरं आळशी आहेत, मार्गशीर्षापासून एक ओवी पुढे सरकलेली नाही, घरी पाठवून द्या. नाना म्हणाले, "म्हाराज, ही सहाच्या सहा ऊसतोडीवाल्यांची हायत. दिवाळीच्या आगुदर ह्येंचं पाट बरं चाललं व्हतं. त्येंच्या आईबापांचं पत्र येऊन दोन म्हैने झालं. रातच्याला जागी असत्यात. झोप न्हाई तर पाट कसा व्हनार? आन घरी पाठवायचं म्हंता, तर घरी हाय कोन? कुलूप हाय."

महाराज गप्प झाले. खरं होतं. घराला कुलूप आणि आईबाप कुठल्या कारखान्यावर हे पोराला नीट माहीत नाही. मुकादमाने टोळी एका कारखान्याला म्हणून काढायची आणि न्यायची दुसरीकडेच, हे चालायचं. दुसऱ्या दिवशी नानांनी पंधरा पैशांची कार्डं आणली आणि आम्हा सहा जणांना ओळीने बसवून लिहायला लावलं. पत्ता काय घालायचा? त्यांनी गावच्या मुकादमाच्या घरी घातला, मजकुराच्या शेवटी स्वतः एक ओळ लिहायला सांगितली: पोरांचे आईबाप कोणत्या कारखान्यावर आहेत ते उलट टपाली कळवावे. काही कार्डांना उत्तर आलं, काहींना नाही. माझ्याला आलं. वडिलांना लिहिता येत नव्हतं, गाडीतळावरच्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. बैल बरा आहे, आई बरी आहे, तू पाठ कर. तीन गोष्टी. नानांनी वहीत माझ्या नावापुढे टिंब काढलं. त्या महिन्याच्या एकादशीला मी बाराव्याचा शेवट गाठला, आणि आमटी खाल्ली.

छडी बंद झाली का? नाही. कमी झाली, निदान त्या सहा जणांपुरती. छडी बंद करायचा अधिकार नानांना नव्हता आणि ते तसं भांडलेही नाहीत. ज्यांच्या अन्नावर राहतो त्यांच्याशी कुठवर भांडायचं याची एक हद्द त्यांनी आखून घेतली होती. पुढे वाचन वाढल्यावर मला त्या हद्दीचा राग यायचा. आता येत नाही, पण ती हद्द बरोबर होती असंही मी म्हणणार नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. एक मुलगा रात्री अंथरूण ओलं करायचा. नाना त्याला मध्यरात्री उठवून बाहेर न्यायचे, आणि तरीही झालंच तर काकड्याच्या आत गोधडी इंद्रायणीवर धुऊन आणायचे, सगळ्यांनाच सांगायचे की आज माझ्या अंगावर तांब्या सांडला. एकजण वरचेवर पळायचा. तो पळाला की नाना धावत सुटायचे नाहीत, सरळ एसटी स्टँडवर जाऊन बसायचे, कारण त्याच्याकडे तिकिटाला पैसे नसायचे आणि तो तिथेच कुठेतरी असायचा. त्याला शेंगदाणे घेऊन द्यायचे आणि बीडची गाडी लागेपर्यंत दोघं गप्पा मारायचे. गाडी निघून गेल्यावर दोघं परत यायचे. तिसरा तोतरा. त्याला बोलताना शब्द फुटायचा नाही, पण भजनात, सुरात म्हणताना एकदाही अडायचा नाही. असं पुष्कळ तोतऱ्यांचं होतं. महाराजांना त्याच्यातून कीर्तनकार काढायचा होता आणि तो निरूपणाला उभा राहिला की घामाने भिजायचा. नाना म्हणाले, "समदेच कीर्तनकार झाले तर टाळ कोन धरनार? त्याला मागं उभा करा, चाल म्हनू द्या." आज तो मराठवाड्यातल्या सप्ताहांतून मागणी असलेला गायक आहे. कीर्तनकार त्याला मुद्दाम बोलावून घेतात.

पण नानांच्या नजरेला एक आंधळी बाजू होती, ती लपवून हे लिहिणं खोटं होईल. त्यांना मागे पडलेलीच पोरं दिसायची. जो पुढे असायचा त्याच्याकडे त्यांचं लक्षच नसायचं. आमच्यात एक फार हुशार मुलगा होता. ओवी एकदा ऐकली की झाली पाठ, महाराजांचा लाडका, वहीत त्याच्या नावापुढे एकही खूण नाही. त्याच्या कापडात रेघ नव्हती. तो एका आषाढीला पालखीबरोबर गेला आणि पंढरपुराहून परत आलाच नाही. घरीही गेला नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं की तो नाशिककडे एका धाब्यावर काम करत होता आणि माळ कधीच काढून टाकली होती. त्याला काय खुपत होतं ते कुणालाच कळलं नाही, कारण त्याचं पाठांतर बिनचूक होतं आणि तो भाकरी पूर्ण खायचा. नाना त्याच्याविषयी बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "त्यो माग लई गुळगुळीत चालत व्हता."

आता आळंदीतल्या काही खासगी संस्थांविषयी वर्तमानपत्रांत जे येतं ते वाचून पोटात गोळा येतो. मुलांचे हाल, त्याहून वाईट प्रकार. आळंदीच्या गावकऱ्यांनीच पुढे होऊन अशा संस्थांची तपासणी करा म्हणून आवाज उठवला, ते योग्य केलं. शिक्षणहक्काचा कायदा 2009 मध्ये झाला, त्याने शाळेत पोराला मारणं आणि मानसिक छळ करणं यावर बंदी घातली. पण 2012 ला त्यात दुरुस्ती झाली आणि मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यत्वे धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था यांना हा कायदा लागू नाही असं लिहिलं गेलं. धर्माच्या कामात सरकारने हात घालू नये हा विचार मला समजतो. मी स्वतः त्या कामात वाढलोय, त्यातलं सोनं मला माहीत आहे. पण पाटी उचलून निघालेलं दहा वर्षांचं पोर शाळेच्या दारात असतं तेव्हा कायद्याच्या आत, आणि संध्याकाळी हरिपाठाला त्याच पायांनी परत आलं की बाहेर, हे मला अजून उमगलेलं नाही. आमच्या संस्थेत रात्रीच्या वेळी त्या पोरांच्या आणि अंधाराच्या मधे एक संपावरचा गिरणी कामगार होता. तो तिथे असणं हा निव्वळ योग होता. शेजारच्या संस्थेत तसा कुणी नव्हता.

दहावीनंतर मी आळंदी सोडली, डी. एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, तेही आमच्याच जिल्ह्यात. वडिलांना थोडं वाईट वाटलं, पण कोयता हातात आला नाही यावर त्यांनी समाधान मानलं. मी दर कार्तिकीला आळंदीला जायचो, नानांसाठी धोतर घेऊन. ते धोतर पुढच्या वर्षी कुठल्यातरी पोराच्या अंगावर सदरा होऊन दिसायचं. मोतीबिंदू झाला तेव्हा आम्ही चारपाच जणांनी मिळून ऑपरेशनचे पैसे जमवले. त्यांनी धर्मादाय शिबिरात फुकटात करून घेतलं आणि आमच्या पैशांतून संस्थेला पाण्याची टाकी आणायला लावली.

आमच्या शाळेत तेव्हा हंगामी वसतिगृह सुरू झालं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं फडावर जाऊ नयेत म्हणून सर्व शिक्षा अभियानातून ती योजना आली. पोरं रात्री गावात आजीआजोबांकडे झोपायची, दोन्ही वेळा जेवायला शाळेत यायची, आणि त्यांची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे. मी ते मन लावून करत होतो. हजेरीपट, जेवणाचा तक्ता, वजनाची नोंद, सगळं चोख. केंद्रप्रमुखांनी दुसऱ्या शाळांना आमचं दप्तर बघायला पाठवलं होतं. 2006 च्या हिवाळ्यात नानांना मी आग्रहाने बोलावलं. खरं सांगायचं तर ते दप्तर मला त्यांना दाखवायचं होतं.

त्यांनी दप्तर पाहिलं. अक्षर चांगलं आहे म्हणाले. मग संध्याकाळच्या पंगतीला भिंतीला टेकून बसले आणि पोरांच्या तोंडाकडे बघायला लागले. सत्तरी ओलांडलेली, कान आता पुरतेच गेलेले. थोड्या वेळाने त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि तिसरीतल्या एका मुलीकडे बोट केलं.

"ती पोरगी खात न्हाई. निस्तं त्वांड हलवतीया."

माझ्या तक्त्यात त्या मुलीपुढे रोज दोन भाकऱ्यांची नोंद होती, आणि ती खरी होती, कारण ती दोन भाकऱ्या मागून घ्यायची. नानांनी सांगितल्यावर पाहिलं, तर एक भाकरी दुमडून फ्रॉकच्या आत गेली होती. चौकशी केली. तिचा एक चार वर्षांचा भाऊ घरी आजीजवळ होता. योजना शाळेच्या पटावरच्या पोरांची, त्यामुळे तो पटावर नाही, तक्त्यात नाही. आजीला एकटीला भाकरी थापवत नव्हती. ही पोरगी रोज अर्धपोटी राहून त्याला नेत होती, आणि माझी वही सांगत होती की ती गावात सगळ्यांत जास्त जेवते.

स्वयंपाक बचत गटाच्या बायका करायच्या. त्यांना विचारलं तर एकीने हात झटकत म्हटलं, "गुरुजी, येका लेकरानं काय व्हतंय? आना त्याला." दुसऱ्या दिवसापासून तो भाऊ पंगतीला बसू लागला. केंद्रप्रमुखांनी हरकत घेतली, ताटं जास्त दिसतात म्हणून. मी मुलीच्या आईबापांना फोन लावला. मुकादमाकडे तेव्हा नुकताच मोबाइल आला होता. त्यांना सांगितलं, पोरगा आमच्याकडे जेवतोय, काळजी करू नका. मग तक्त्यात खाली वेगळी ओळ आखून त्याचं नाव घातलं, शेरा लिहिला 'लहान भाऊ', आणि पुढे सही केली. त्या ओळीवर पुढे बराच पत्रव्यवहार झाला, पण हंगाम संपेपर्यंत पोरगा जेवला.

नाना चार दिवस राहिले. जाताना स्टँडवर मी त्यांच्या हातात आळंदीपर्यंतच्या तिकिटाचे पैसे ठेवले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून रोख पैसा कधी घेतला नव्हता, म्हणून मी हात घट्ट धरून ठेवला. पण त्यांनी ते घेतले, नोटा सुट्ट्या करून मोजल्या, आणि बरोबर निम्मे माझ्या खिशात परत कोंबले.

"म्हाताऱ्याला अर्धं तिकीट हाय," म्हणाले. "मास्तर हायेस न्हवं? येवढं म्हाईत पायजे."